बाबांची मिटलेली पानं

निघायच्या दिवशी बाबांनी गॅसचा रेग्युलेटर काढून खिडकीत ठेवला, सगळे नळ दोनदा तपासले आणि शेजारच्या काकूंच्या हातात किल्ली देताना म्हणाले, "सहा महिन्यांचा प्रश्न आहे. कढीपत्त्याच्या कुंडीला तेवढं पाणी घाला." आईला जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. मी त्यांना मिरजेहून दिल्लीला न्यायला आले होते. रिक्षा दारात उभी, आणि हा माणूस चपला काढून परत आत गेला. मला वाटलं, आता एकटेच रडत बसणार. मागोमाग गेले तर पलंगावर चढून फळीवरचा स्टीलचा डबा काढत होते. डब्यात पत्त्यांचे दोन कॅट, रबर लावून ठेवलेले. "रमीला दोन लागतात," म्हणाले. मी काही विचारलंही नव्हतं.

दादा, तुला हे माहीत नाही. तू पुण्याहून परस्पर स्टेशनवर आला होतास. म्हणून तुझ्यासाठी लिहितेय, आणि आपल्यासारखी जी माणसं आईबापांना 'थोडे दिवस चला' म्हणून घेऊन गेली, त्यांच्यासाठीही. आधीच सांगून ठेवते, यात शेवटी काही बरं होत नाही. तशी आशा धरून वाचू नका.

त्याच फलाटावरून सव्वीस वर्षांपूर्वी मी निघाले होते. नवीन लग्न, केंद्र सरकारच्या नोकरीतला नवरा, आणि मुनिरक्याच्या जवळचं सरकारी क्वार्टर, जे मी तोवर फोटोतही पाहिलं नव्हतं. गाडी निजामुद्दीनची. आई डोळे पुसता पुसता म्हणाली, "मराठी माणूस दिल्लीच्या वाटेला लागला की त्याचं पानिपतच होतं बाई." बाबा म्हणाले, "पानिपत पुढं राहिलं, ही अलीकडंच उतरणार आहे." सगळे हसले. मग गाडी हलली तसे बाबा खिडकीशी चालत राहिले आणि मला काय सांगत होते माहितीय? "तिकडं कुणी रमीला बसवलं तर आधी विचारून घे, जोकर कसा धरतात. प्रत्येक घरची रीत वेगळी असते. न विचारता बसू नको." लेक सासरी चालली आहे आणि बापाचा हा उपदेश! पण खरं सांगते, सव्वीस वर्षांत मला याहून उपयोगी सल्ला कुणी दिला नाही.

आपल्या घरची रीत काय होती? लहान असताना सात पानांची रमी. तीन पानांचा एक आणि चार पानांचा एक, असे दोन गट लावले की झालं. सात पानं हातात मावायला लागली की दहा, आणि मग चौथीच्या सुट्टीत तेरा पानांना बढती. त्या दिवशी आपण घरात मोठे झालो असं वाटायचं. तेरा पानांची खरी रमी. एकाच रंगाची ओळीनं तीन पानं, इस्पिकची पंजी, छक्की, सत्ती, अशी जोकर न घालता आधी लागली पाहिजेत. ती प्युअर. प्युअर नसेल तर बाकी हात कितीही सुंदर लागलेला असो, दुसऱ्यानं पानं मांडून शो केला की सगळे पॉइंट तुमच्या डोक्यावर. बाबा म्हणायचे, "आधी स्वतःचं घर बांधा, मग पाहुणे बोलवा." पाहुणे म्हणजे जोकर.

आणि शिकायची रीत अशी, की नव्या माणसानं पहिला डाव बाबांच्या मागे बसून नुसता बघायचा. बोलायचं नाही. "मागे बसणाऱ्याला तोंड नसतं," हा नियम. मी मागे बसले होते तेव्हा पाचव्या-सहाव्या फेरीलाच बाबांची तेराच्या तेरा पानं लागलेली मला दिसली. दोन वेळा मोजली. मग बघते तर हे शो करेनात! पंखा मिटावा तशी पानं मिटून मांडीवर पालथी ठेवली. आपली पाळी आली की गड्डीतून पान उचलायचं, बघायचं, तेच टाकायचं. उचलायचं, टाकायचं. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी मागे न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. चार फेऱ्यांनी तुझी रमी झाली, दादा, आणि तू घरभर नाचलास.

मी नंतर आईला विचारलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "अगं, समोरच्याचं काहीच लागलेलं नसताना त्यांना शो करवत नाही. सगळे पॉइंट अंगावर बसतात ना. तुझ्या बाबांनी पानं मिटली की समजावं, त्यांचं कधीच झालंय." म्हणजे बघा, मला हे नऊ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. मला! दुसऱ्या कुणाला माहीत नसतं तर एक वेळ चाललं असतं.

तर बाबा आले, दिल्लीच्या द्वारका भागात. आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. पहिले काही दिवस ते बाल्कनीत बसून खाली जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचायचे, महाराष्ट्राची दिसते का बघायला. संध्याकाळी फिरायला गेले की गार्ड म्हणायचा, "अंकलजी, नमस्ते," आणि हे मराठीत म्हणायचे, "काय, बरं आहे ना?" माझा जीव तुटायचा. माझं तोंड फटकळ, पण आतून मी भित्री आहे. मी ठरवलं की यांना चार माणसं मिळवून द्यायची. आणि माझ्याकडे दुसरं होतं काय? रमीच.

सोसायटीच्या क्लबरूममध्ये दुपारी तीन ज्येष्ठ नागरिक पत्ते खेळत. त्यांच्यातले खुरानाजी मोठे दिलदार. करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. मी बाबांना घेऊन गेले तर म्हणाले, "आओ जी आओ, चौथे की ही कमी थी!" पण तिथली रमी वेगळी. ते पपलू खेळायचे. उलटलेल्या पानाच्या वरचं, त्याच रंगाचं पान म्हणजे पपलू. ते ज्याच्या हाती आलं त्याची चैन, बाकीच्यांनी त्याला मान, म्हणजे जादा पॉइंट, द्यायचा. दिवाळी आली की एकवीस पानं, तीन कॅट, तीन-तीन प्युअर. गड्डी मांडीवर मावत नाही. एक्क्याऐंशीव्या वर्षी बाबा हे सगळं मुकाट्यानं शिकले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आपके घर में जोकर कैसा पकडते है?" खुरानाजी खूश. मला घरी येऊन म्हणाले, "बेटा, तेरे फादर तो बिल्कुल जेंटलमन हैं यार. कभी जल्दी नहीं करते."

मी ते कौतुक म्हणून ऐकलं. रात्री तुला फोनवर सांगितलंही, दादा, की गंगेत घोडं न्हालं, बाबा रमले एकदाचे.

सहा महिने सरत आले तेव्हा माझ्या नवऱ्याची, अविनाशची, बायपास झाली. तो हॉस्पिटलात, लेक जुईची बारावी, माझं ऑफिस, आणि मेट्रोच्या खेपा. त्या दिवसांत बाबांनी वरणभाताचा कुकर लावायला सुरुवात केली. आयुष्यात कधी गॅस न पेटवलेला माणूस. परत जाण्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. खरं सांगू? ते होते म्हणून मी उभी राहिले. जुईला दार उघडायला घरात कुणीतरी असायचं.

मग पुढच्या वर्षी तुझा फोन आला. घरमालक चांगले, पण आता मुलगा बघत होता आणि त्याला इमारत पाडायची होती. चाळीस वर्षांचे भाडेकरू म्हणून त्यानं रीतसर विचारलं होतं, कुणी परत राहायला येणार आहे का? येणार असतील तर काहीतरी बघू, नाही तर किल्ली द्या. तू म्हणालास, "नीलू, तू समोर आहेस. तू विचार."

मी विचारलं. रविवारची सकाळ होती, बाबा मटार सोलत होते. मी म्हटलं, "बाबा, मिरजेचं घर ठेवायचं का? तुम्हाला परत जायचंय का?" त्यांनी एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. म्हणाले, "मला इथं काय कमी आहे?" मी म्हटलं, "तसं नाही, तुमच्या मनात काय आहे ते सांगा." तर म्हणाले, "तुमचं सगळं मार्गी लागू दे. माझी कसली घाई?" आणि मी, मूर्ख बाई, याला उत्तर समजले. तुला फोन केला की बाबा नाही म्हणतात. तू किल्ली दिलीस. दोष तुला देत नाही रे. विचारलं मी, आणि ऐकलंही मीच.

पत्त्यात बाबांचा दुसरा धडा होता: "समोरचा काय उचलतो ते सगळेच बघतात. तो काय टाकतो ते बघत जा, म्हणजे त्याच्या हातात काय आहे ते कळतं." आता मागे वळून बघते तर ते तीन वर्षं माझ्यासमोर पानं टाकतच होते. मिरजेची बॅग त्यांनी कपाटात रिकामी केली नाही. कपडे धुऊन, घड्या घालून परत बॅगेतच. मी ओरडायचे, "अहो बाबा, पाहुणे आहात का तुम्ही?" तर हसायचे. थंडीत मी नवीन स्वेटर आणला तर म्हणाले, "कशाला? तिकडं लागत नाही." मी म्हटलं, "इथं लागतो ना!" आणि विषय संपवला. एकदा त्यांना पानिपतला घेऊन गेलो. कितीतरी वर्षांची त्यांची इच्छा. स्मारकापाशी उन्हात बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "ही माणसंसुद्धा निघताना घरी सांगून आली असतील, चार-सहा महिन्यांत येतो म्हणून." मी काय म्हणाले माहितीय? "चला बाबा, ब्लँकेटं चांगली मिळतात इथं, एक घेऊ." आणि घेतलं. जांभळ्या रंगाचं. तेच पांघरतात अजून.

या दिवाळीच्या पाडव्याला दुपारी जेवणं झाली आणि जुई म्हणाली, "आई, मला रमी शिकव ना यार. कॉलेजमध्ये सगळे मोबाइलवर खेळतात, मी एकटीच बुद्धू." बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. डबा आला, रबर निघाले. जुई म्हणाली, "मोबाइलमध्ये सॉर्टचं बटण असतं आजोबा, पानं आपोआप लागतात." बाबा म्हणाले, "मग खेळणारा काय करतो?" त्यांनी तिला चारी रंग दाखवले. तिला किलवर आणि इस्पिक हे शब्दच माहीत नव्हते, ती चिडी आणि हुकुम म्हणायची. दोघांनी मिळून यादीच केली. मग तीन पानांची ओळ म्हणजे काय, तीन राजे केव्हा चालतात, एक्का राजाच्या बाजूलाही बसतो आणि दुर्रीच्याही, सगळं. प्युअर समजावताना त्यांचा आवाज अगदी माझ्या चौथीच्या सुट्टीतला होता.

"आता पहिला डाव माझ्या मागे बसून बघ," म्हणाले. मी, अविनाश आणि बाबा खेळायला बसलो. मागे बसणाऱ्याला तोंड नसतं, हे तिला सांगायचं मात्र आम्ही विसरलो. कुणी सांगावं लागतं हेच लक्षात आलं नाही. आमच्या घरात ते सगळ्यांना माहीतच असायचं.

माझी पानं भिकार आली होती. प्युअरचा पत्ता नाही, हातात दोन राजे, एक गुलाम, सगळी वजनदार मंडळी. मी आपल्याच विवंचनेत. आणि एकदम जुई ओरडली, "आजोबा! ये तो हो गया! तुमचं तर पूर्ण झालंय! शो करा ना!"

मी मान वर केली. बाबांची पानं मिटून मांडीवर पालथी होती.

"चालू दे गं," बाबा म्हणाले. "तुझ्या आईचं अजून काही लागलेलं नाही."

"पण तुमचं केव्हाचं झालंय! मी तीन टर्न बघतेय, तुम्ही नुसतं उचलताय आणि टाकताय. बोलत का नाही?"

अविनाश हसला. जुई हसली. मला हसू येईना. मी त्या मिटलेल्या पानांकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर मटार आले. वाटी आली. 'तुमचं सगळं मार्गी लागू दे.' देवाशपथ सांगते, दादा, त्या क्षणी मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

जुई आणि अविनाश खाली रांगोळ्या बघायला गेले तेव्हा मी बाबांच्या समोर जाऊन बसले. म्हटलं, "बाबा, खरं सांगा. तुम्हाला मिरजेला जायचं होतं ना?"

ते पत्ते गोळा करत होते. काळे वेगळे, तांबडे वेगळे. मग म्हणाले, "अविनाशचं ऑपरेशन झालं होतं. पोरीची परीक्षा होती. तुझं काहीच लागलं नव्हतं नीलू. मी तेव्हा कसं म्हणणार, मला जायचंय?"

"आणि नंतर? सगळं नीट झाल्यावर? मी विचारलं तेव्हा?"

"तू विचारलंस तेव्हा तू घाबरलेली होतीस. मी हो म्हणेन म्हणून."

हे खरं होतं. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. मी घाबरलेलीच होते. प्रश्न मी विचारला होता, पण उत्तर 'नाही' यावं असा नवस बोलून. त्यांनी माझा हात वाचला होता. मला त्यांचा वाचता आला नाही.

मी रडले. मग उगाचच उत्साह आणून म्हटलं, "चला ना, आपण जाऊ या! पुढच्या महिन्यात रजा टाकते. मिरजेला जाऊन येऊ."

बाबा म्हणाले, "कुणाकडे?"

काकू मुलाकडे बेळगावला गेल्या. कढीपत्त्याची कुंडी कुठे गेली देव जाणे. आपल्या घराच्या जागी आता दुकानांचे गाळे, तूच मागे फोटो पाठवला होतास, निळ्या काचांच्या इमारतीचा. तिथं जाऊन बाबा उभे कुठे राहणार? रस्त्यावर? वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. माझं घोडं तर वरात संपून मांडव सुटल्यावर पोचलं.

यानंतर काहीतरी बदलायला हवं होतं. काही बदललं नाही. बॅग अजून तशीच आहे, घड्या घातलेली. मी आता ओरडत नाही. ते क्लबरूममध्येही जात नाहीत फारसे. खुरानाजींचे गुडघे गेले, एक जण मुलाकडे बेंगळुरूला गेला, चौकडी मोडली. जुईला पुन्हा बसायला वेळ नाही, तिला मोबाइलवरची रमी सोपी वाटते. मी शनिवार-रविवारी दुपारी बसते. दोघांत एक कॅट पुरतो. दुसरा डब्यात पडून असतो.

मला लोक विचारतात, छब्बीस साल हो गये, अब तो दिल्ली ही घर है ना? मी म्हणते, बिल्कुल. दुसरं काय म्हणू? मिरज माझं घर होतं तोवर, जोवर बाबा तिथं होते. बाबांना मी उचलून इथं आणलं, म्हणजे मिरजेचं घर मीच मोडलं. आणि इथं माझ्याच घरात एक माणूस तीन वर्षं सामान बांधून बसला आहे, तर याला तरी घर कसं म्हणू? ना तिथलं राहिलं, ना इथलं झालं. तू पुण्यात म्हणतोस, "निदान बाबा तुझ्याजवळ आहेत." आहेत रे. जवळ आहेत.

काल दुपारी आम्ही बसलो. चौथ्याच फेरीला माझी रमी झाली. किलवरची सुरेख प्युअर, तीन नश्श्या, सगळं. इतकी झटपट मला कधीच लागली नव्हती. मी शो करायला पान पालथं घालणार होते. मग मनात आलं, डाव संपला की हे उठणार, खोलीत जाऊन ते जांभळं ब्लँकेट ओढून भिंतीकडे तोंड करून पडणार. मी पानं मिटली आणि मांडीवर ठेवली. गड्डीतून एक उचललं, बघितलं, टाकलं.

समोर बघितलं तर बाबांचीही पानं मिटलेली होती.

त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं. ते उचलत होते, टाकत होते. मी उचलत होते, टाकत होते. अशी सगळी गड्डी संपली.

"पीस परत," बाबा म्हणाले.

मी पिसायला घेतली.